राईतली हाक, अत्तींची ओ

श्रावणातला शनिवार होता. मुलीच्या शाळेत पक्ष्यांवरचा कार्यक्रम होता आणि पालकांनाही बोलावलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवत होते, मधूनच टेपवर पक्ष्यांचे आवाज ऐकवत होते. हॉलमधले दिवे घालवलेले. बाहेर कोल्हापूरचा तो न थांबणारा, बारीक, चिकट पाऊस. पत्र्यावर त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता, नुसती ओल जाणवत होती. मुलं बुलबुलाला हसली, भारद्वाजाला हसली. मग ते म्हणाले, "आता ज्याचा आवाज ऐकवतो तो सहसा कुणाला दिसत नाही. नुसता ऐकू येतो." आणि त्यांनी बटण दाबलं.

हूऽऽ.

मध्ये गप्प. एवढा वेळ गप्प, की संपलं असं वाटावं.

हूऽऽ.

मुलं याही आवाजाला हसली. माझी मुलगी मात्र कुजबुजली, "आई, हात सोड की. दुखतोय."

त्याचं नाव 'मलायी रातबगळा' असं ते म्हणाले. नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज मात्र माझ्या ओळखीचा होता, सासरच्या माणसांइतका ओळखीचा. नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती तेव्हाचा एक अख्खा पावसाळा मी त्या आवाजात काढला आहे.

मी मंगळवार पेठेतली. आमच्या घराला लागून तालीम, समोर सायकलचं दुकान, वरच्या आळीला पिठाची गिरणी. तिथं शांतता म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही माणसंही मोठ्यानं बोलणारी. वैशाखात लग्न झालं आणि मी गडहिंग्लजवरून दुसरी एसटी पकडून, आजऱ्याच्या पुढं, पार डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत जाऊन पडले. आमच्यासारखंच लिंगायत घर. घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायची. सासूला तिकडं अत्ती म्हणतात. आमचे हे गडहिंग्लजला कापडाच्या दुकानात कामाला, रविवारी तेवढे घरी. त्यामुळं घरात अत्ती, मामंजी आणि मी. मागच्या दारी भाताची खाचरं, खाचरांपलीकडं ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना राई. राई म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं जुनं रान. तिथली काटकीसुद्धा कुणी घरी आणत नाही. दुपारी बाराला तिथं उभं राहिलं तरी कंदील लावावा असं वाटायचं.

ज्येष्ठ सरला तसा तिथला पाऊस कळला. ढग खाली यायचे ते थेट अंगणात. कपडे चुलीवर टांगून वाळवायचे, त्यांना धुराचा वास. मीठ पाणी पाणी व्हायचं. भिंतीवर हात ठेवला की भिंतही ओली, आजारी माणसाच्या कपाळासारखी. समोरचं घर दोन दोन दिवस दिसायचं नाही. आणि अशाच एका तिन्हीसांजेला, मी देवापुढं दिवा लावत असताना, राईतून तो आवाज आला.

रिकाम्या घागरीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा. खोल, गोल, जमिनीतून आल्यासारखा. हूऽऽ. मग थांबून पुन्हा. कुणीतरी हाक मारावी, ऐकू गेली का याची वाट बघावी, आणि पुन्हा मारावी, तसा.

अत्ती भाकरी थापत होत्या. त्यांनी पीठ भरलेले हात तसेच घेतले, मागचं दार उघडलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ओऽ! आलो गं! आलो!"

आमच्याकडच्या बायका 'आले' म्हणत नाहीत, 'आलो' म्हणतात. त्यात नवल नव्हतं. पण त्या खरोखरच गेल्या. डोक्यावर पोतं न घेता, पायात काही न घालता, खाचराच्या बांधावरून पावसात चालत गेल्या आणि धुक्यात दिसेनाशा झाल्या. तव्यावरची भाकरी जळायला लागली. मी मामंजींकडं बघितलं. ते सोप्यात बसले होते. त्यांनी रेडिओचा कान पिळून आवाज मोठा केला आणि म्हणाले, "भाकरी उलट, पोरी."

काही वेळानं हाक थांबली. अत्ती परत आल्या. लुगडं चिंब, घोट्यापर्यंत गढूळ पाण्याचं, चेहरा मात्र असा निवांत, की मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तानूकाकींनी सगळं सांगितलं. त्या शेतकऱ्याच्या घरच्या, बोलणं रोखठोक. लग्नाआधी आम्हाला एवढंच सांगितलं होतं, की मुलाची धाकटी बहीण मागल्या साली वारली. वर्षाच्या आत घरात कार्य करायचं म्हणून आमचं लग्न घाईनं उरकलं होतं. कशानं वारली हे आमच्याकडच्या कुणी खोदून विचारलं नव्हतं.

"वारली कुटली? गेली," तानूकाकी म्हणाल्या. "वड्यावर साकव हुता लाकडाचा. गौरा पल्याडनं गवताचा भारा घिऊन येत हुती. मागल्या श्रावणात. साकव बी गेला, पोरगी बी गेली. डोक्यावरचं इरलं तेवढं खाली दोन शेतं सोडून घावलं. गडी पार हिरण्यकेशी नदीपातूर हुडकून आले. काय न्हाय."

"आणि तो आवाज?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तवापास्नं हाय. गौराच हाय ती. दिवेलागणीला आईला हाक मारती. तू मातर ओ देऊ नगंस हां. तुज्याच वयाची हुती. आसली मानसं बदली मागत्यात."

"त्याच्या आधी कधी ऐकला नव्हता कुणी?"

तानूकाकी जरा घुटमळल्या. "ऐकला आसंल की. पन तवा कुनाचं ध्यान हुतं?"

हे त्यांचं वाक्य मला पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिलं. शाळेतल्या त्या कार्यक्रमात ते गृहस्थ सांगत होते, की हा पक्षी वर्षातले आठ महिने तोंड उघडत नाही. दाट, ओल्या रानात, ओढ्याकाठी एकटा राहतो. पावसाळ्यात जोडी जमायची असते तेव्हाच संध्याकाळी आणि पहाटे घुमतो. म्हणजे तो तिथं कायमच असणार. गौराच्या जन्माआधीपासून असणार. तिच्या बारशाच्या, शाळेच्या, पहिल्या साडीच्या पावसाळ्यात घुमला असणार, आणि तेव्हा तो नुसता पावसाचा एक आवाज होता. माणूस गेल्यावर त्याला हाकेचा अर्थ आला.

पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते एवढंच, की मी गौराच्या घोंगड्यावर झोपते, गौराची फणी वापरते, तिच्या मापाचं जुनं पोलकं मला जराही आत घ्यावं लागलं नाही. वाडीतल्या बायका माझ्याकडं बघायच्या तेव्हा त्यांची नजर माझ्यावरून निघून माझ्या मागं कुठंतरी जायची. दिवस मावळायला लागला की पाखरं गप्प व्हायची, बेडूक अजून सुरू झालेले नसायचे, आणि त्या मधल्या फटीत ती हाक यायची. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसायचे. भीती हाकेची नव्हती. ती ऐकली की माझ्याही गळ्यात 'ओ' दाटून यायची, त्याची होती. लहानपणापासून कुणी हाक मारली की ओ द्यायची सवय. तोंड आपलं आपण उघडतं.

आषाढ चढत गेला तसं माझ्या लक्षात आलं, की अत्तींच्या लुगड्यावरची गढूळ पाण्याची खूण रोज जरा जास्त वर येते. आधी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्या, मग गुडघे, मग मांड्या. ओढा चढत होता आणि त्या रोज जरा पुढं जात होत्या. मी एकदा धीर करून मामंजींना म्हटलं, "तुम्ही त्यांना अडवत का नाही?"

ते रेडिओकडं बघतच म्हणाले, "दिवसभर ती कुनाशी बोलती का? तू बगतीस की. त्येवढ्या वेळापुरतं तिच्या तोंडाला शब्द फुटतोय. त्यो बी बंद करू?"

"पाण्याला ओढ आहे हो."

"हाय," ते म्हणाले. "मला न्हाय का दिसत?" आणि त्यांचा हात रेडिओच्या कानावर नुसताच राहिला. आवाज मोठा करायला आधी हाक यायला हवी होती.

ज्या संध्याकाळचं मला सांगायचं आहे ती यानंतर थोड्याच दिवसांनी आली. दिवसभर पाऊस असा कोसळत होता, की ओढ्याचा आवाज घरात ऐकू येत होता, जात्याच्या घरघरीसारखा. दिवेलागणीला पाऊस जरा उघडला आणि लगेच हाक आली. त्या दिवशी ती जवळून आली, ओढ्याच्या अलीकडून. अत्ती माझ्याकडं न बघता उठल्या. "आलो गं, आलो," म्हणत गेल्या. मामंजी जागचे उठले, दारापर्यंत आले आणि उंबऱ्यात थांबले. वर्षभरात ते मागच्या दारानं एकदाही बाहेर गेले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मी पदर खोचला आणि धावले.

राईत शिरल्यावर पाऊस नव्हता, पण पानांवरचं पाणी पडत होतं आणि त्याचा टपटप आवाज चारी बाजूंनी येत होता, माणसं हळू चालत असल्यासारखा. उजेड हिरवट काळा. पायाखाली कुजलेला पाला, त्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. मी "अत्ती! अत्ती!" अशा हाका मारत होते आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. ओढ्यावर एक जुनी जांभळ वाकलेली होती. तिच्या मुळ्या काठ सोडून पाण्यात उतरलेल्या. तिथं, कमरेएवढ्या पाण्यात, एका हातानं मुळी धरून अत्ती उभ्या होत्या. अजिबात हलत नव्हत्या. गढूळ पाणी त्यांना वळसा घालून जात होतं, जशा काही त्या तिथं पूर्वीपासूनच होत्या.

मी पुढं झाले, आणि माझ्या डोक्याच्या वर, हाताच्या अंतरावरच्या फांदीवर मोडलेल्या लाकडाचा खुंट होता, आणि त्या खुंटाला डोळा होता.

पिवळा, मोठा, न लवणारा डोळा. तो माझ्याकडं बघत होता. मी ओरडले नाही, कारण ओरडण्याएवढी हवा आत नव्हती. मग हळूहळू तो खुंट पाखरू झाला. विटकरी अंग, डोक्यावर काळी शेंडी, चोच आभाळाकडं ताठ धरलेली. कोंबडीपेक्षा फार मोठं नसेल. ते लाकूड झालं होतं, आणि मी हलत नाही असं बघून परत पाखरू होत होतं. त्यानं चोच खाली आणली, छातीला टेकवली, मान फुगवली. आणि मी बघत असताना, माझ्या डोळ्यांदेखत, त्यातून ती हाक निघाली.

हूऽऽ.

एवढ्याशा जिवातून. माझ्या छातीच्या फासळ्यांना ती जाणवली.

"अत्ती," मी म्हटलं, "पाखरू आहे हो. वर बघा. पाखरू आहे नुसतं!"

त्यांनी मान वर केली. बघितलं. मला वाटलं होतं त्या दचकतील, रडतील, नाहीतर माझ्यावर चिडतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. थोडा वेळ बघितलं, आणि मग म्हणाल्या, "व्हय. पाखरूच हाय."

"या, बाहेर या. पाणी चढतंय."

तरी त्या लगेच हलल्या नाहीत. खाली पाण्याकडं बघत राहिल्या. मग मी पाण्यात एक पाय टाकला, तो निसटला, आणि मी वाकड्या मुळीवर आपटले. तेव्हा मात्र त्यांनी चटकन माझं मनगट धरलं. त्यांच्या पकडीत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. मग स्वतःचा पाय त्यांनी अगदी सावकाश, एकेक बोट सोडवल्यासारखा पाण्यातून काढला आणि वर आल्या. "चल घरला," म्हणाल्या. पाखरू उडालं. पंखांचा आवाजसुद्धा झाला नाही.

उंबऱ्यात मामंजी तसेच उभे होते. "पाखरू हाय त्ये," अत्ती त्यांना म्हणाल्या आणि ओलं लुगडं बदलायला आत गेल्या.

त्या दिवसानंतर अत्तींनी ओ दिली नाही. हाक यायची. त्या भाकरी थापत राहायच्या. मामंजींनी आठवडाभरानं रेडिओ कमी केला. वाडीत बातमी पसरली, की नव्या सुनेनं भूत बघितलं आणि ते कोंबडीएवढं निघालं. तानूकाकी मला म्हणाल्या, "धीराची हाईस गं," आणि मलाही तसंच वाटलं. आपण डोळ्यांनी दाखवलं, म्हणून मनातलं गेलं.

मी मग ओढ्यावर धुणं धुताना त्या पाखराला शोधायला लागले. दिसायचं क्वचितच. कधी पहाटेच्या धुरकट उजेडात काठावर उतरायचं. एक पाय उचलून तसंच थांबायचं. मान तेवढी पाण्यातल्या गवतासारखी डोलायची, बाकी सगळं स्थिर. मग चोच मातीत जायची आणि लांबलचक गांडूळ ताणून, न तोडता, वर यायचं. जांभळीवर, थेट पाण्यावर आलेल्या फांदीत, काटक्यांचं एक गबाळं घरटं होतं. खालच्या पानांवर चुन्यासारखे पांढरे सडे. श्रावणात त्यातून पिल्लांची डोकी दिसली. डोक्यावर पांढरे, विरळ, उभे केस. तान्ही पिल्लं आणि म्हातारी माणसं यांचं काहीतरी एकत्र झाल्यासारखी. मला ती बघवायची नाहीत आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. गौरीगणपतीच्या सुमाराला घरटं रिकामं झालं. हाका थांबल्या. त्या शांततेलाही सवय व्हायला वेळ लागला.

दिवाळी झाली. भातं कापून झाली. ओढा उतरून घोट्याएवढा झाला, जांभळीखालच्या डोहात तेवढं पाणी उरलं. एका सकाळी अत्ती मामंजींना आणि रविवार म्हणून घरी आलेल्या आमच्या ह्यांना म्हणाल्या, "खोरं घ्या. कळशी घ्या. डोह उपसायचा हाय."

"कशाला?"

"चला की."

त्यांनी नेमकी जागा दाखवली. जांभळीच्या दोन जाड मुळ्यांची खाच, जिथं त्या त्या संध्याकाळी उभ्या होत्या. पाणी उपसलं, गाळ काढला. त्या साली पुरानं वरचा गाळ बराच धुऊन नेला होता. मुळ्यांत नायलॉनची साडी पिळून अडकलेली होती, रंग अजून कळत होता. आणि साडीत गौरा होती, जेवढी उरली होती तेवढी. इरलं खाली सापडलं म्हणून सगळी माणसं खाली शोधत गेली होती. ती साकवापासून हाकेच्या अंतरावर, त्या झाडाखालीच होती. पाखराच्या फांदीच्या बरोबर खाली.

आमचे हे मटकन काठावर बसले. मामंजींनी गाळात हात घालून चांदीची छोटी डबी बाहेर काढली. आमच्यात लहानपणीच गळ्यात लिंग बांधतात, ते या डबीत असतं, आणि माणूस गेल्यावर ते त्याच्यासोबतच पुरतात. डबी बंद होती. आत लिंग तसंच.

मी अत्तींच्या शेजारी उभी होते. मला एकदम सगळं उमगलं. "अत्ती," मी विचारलं, "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"पायाच्या बोटांत कापड गुतलं," त्या म्हणाल्या. "जरीचा काठ लागला. मीच घेतलेली साडी. पायाला बी कळती."

"आणि एवढे दिवस सांगितलं नाही? कुणालाच?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत आता काही हरवलेलं नव्हतं.

"आषाढातला वडा. सांगितलं आसतं तर ह्यो तिचा बाप थांबला आसता? ल्योक थांबला आसता? कळल्या रातीला दोघं पाण्यात उतरली आसती. त्या पाण्यानं एक घेतलं, बास झालं की." मग म्हणाल्या, "आनि तू कालची आलेली. रोज त्याच वड्यावर धुनं धुयाला जात हुतीस. तुला सांगून काय करू?"

चार महिने त्या रोज माझ्यासमोर बसून जेवल्या होत्या. चार महिने त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून विधीसाठी जंगम स्वामी आले. खाचराच्या कोपऱ्यात, पाणी पोचणार नाही अशा उंच जागी खड्डा खणला. वाडी झाडून आली होती. तानूकाकी मोठ्यानं रडल्या, मामंजी रडले, आमचे हेही रडले. अत्तींनी चिंच लावून डबी लखलखीत घासली होती. ती त्यांनी स्वतःच्या हातानं आत ठेवली, वर पहिली मूठ मातीची टाकली आणि पदराला हात पुसले.

घरी आल्यावर सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. मी भात लावला. अत्ती पानावर बसल्या, आणि मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, ताट पुढं करून म्हणाल्या, "वाढ गं आनि थोडा."